तेविसावं उत्तर

पुस्तकाला एवढ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या की ते धड मिटतही नव्हतं. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. अर्लीननं ते गॅरेजमधल्या घडीच्या टेबलावर, हॅम भरलेल्या पावांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि वर कॉफीचा मग दाबून ठेवला, जणू उडून जाईल. वारा कुठला? चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सकाळ, साडेनऊ वाजलेले, आणि टिल्डनमध्ये झाडाचं पान हलत नव्हतं.

"बस," ती लेकीला म्हणाली.

"बसता येणार नाही. वेरा झोपलीय. बसले की उठेल."

"मग उभ्यानं ऐक."

कोरीननं वेराला डाव्या खांद्यावर जरा वर सरकवलं. दोन वर्षांचं ते पोर घामानं तिच्या मानेला चिकटलं होतं. तोंड उघडं, एका पायातला बूट कुठेतरी गळलेला. काल शेजारच्या फटाक्यांनी तिला झोपू दिलं नव्हतं. आता कुठे डोळा लागला होता, आणि काही झालं तरी हिला उठवायचं नाही एवढंच कोरीननं ठरवलं होतं. म्हणजे भांडायचं ते हळू आवाजात. झुपानांच्या घरात हे आजवर कुणाला जमलं नव्हतं.

घरातल्या सगळ्या मोठ्या बैठका याच गॅरेजमध्ये झाल्या होत्या. गाड्या बाहेर काढायच्या, खुर्च्या गोल मांडायच्या, दार वर सरकवून ठेवायचं. दार लावलं की गाव म्हणतं, काहीतरी लपवतायत. त्यामुळे रस्त्याच्या कडेला मिरवणुकीसाठी जागा धरून बसलेल्या लोकांना आत काय चाललंय ते दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. आतले चौघे नारिंगी शर्ट घालून बसले होते, छातीवर 'झुपान' असं ठळक लिहिलेलं. पाचवा शर्ट फ्रीजरवर घडी घालून ठेवला होता. तो कोरीनचा. तिनं अजून त्याला हात लावला नव्हता.

"जोलीन, वाच," अर्लीन म्हणाली.

जोलीन ही कोरीनच्या भावाची, क्रेगची बायको. या घरात येऊन सहा वर्षं झालेली, कोर्टात नोकरी, प्रत्येक कागदाला छिद्रं पाडून फाईलला लावणारी. तिनं चष्मा लावला. "एकूण सव्वीस मुद्दे आहेत. प्रत्येकाला उत्तर तयार केलंय. अर्लीन, सगळे वाचू की फक्त महत्त्वाचे?"

"सगळे. तिला कळू दे."

निवडणूक कोणतीही असो, अर्लीन आधी आपल्याच माणसाची फाईल बनवायची. विरोधक उद्या जे उकरणार ते आपण आज उकरायचं आणि प्रत्येक गोष्टीला उत्तर लिहून ठेवायचं. नवऱ्याच्या सात निवडणुका, सात फायली. राज्याच्या सिनेटमधली ती जागा त्यांनी मरेपर्यंत हातातून जाऊ दिली नव्हती. दहा वर्षांपूर्वी ते गेले. मधे दुसरंच कुणी तिथे बसून गेलं आणि आता क्रेग उभा राहिला होता. पक्षातल्या पक्षात निवड व्हायला पाच आठवडे उरले होते. अशात कोरीनच्या कादंबरीची आगाऊ प्रत लायब्ररीतल्या बाईंकडून अर्लीनच्या हाती पडली आणि तिनं ती तिला येत होतं त्या एकाच पद्धतीनं वाचली. हातात पेन्सिल घेऊन, शत्रूच्या नजरेनं.

कादंबरीचं नाव 'पुढची सीट'. एक मुलगी एका सिनेटरची गाडी चालवते आणि पलीकडच्या पक्षाच्या कार्यालयातल्या वॉरन नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते. दोघांचं काम एकमेकांना हरवण्याचं, आणि भेटायला जागा फक्त पेट्रोलपंपावरचं कॉफीचं दुकान. कोरीननं स्वतः अकरा वर्षं वडिलांची गाडी चालवली होती. तेव्हा 'यातली सर्व पात्रं काल्पनिक' हे छापील वाक्य घरातल्या कुणी क्षणभरही खरं मानलं नव्हतं.

"मुद्दा चार," पहिले तीन उरकून जोलीन वाचू लागली. "पान एकतीस. सिनेटरचा मुलगा गाडीच्या आरशात हसण्याचा सराव करतो. उत्तर: क्रेग झुपान हे स्वभावतःच हसतमुख आहेत."

"मी कधी आरशात हसलो गं?" क्रेग उसळला.

"हळू," कोरीन पुटपुटली. "तो तू नाहीस."

"तो मी नाही? त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोरीन! शेंगदाण्याची!" एवढं बोलून त्यानं रस्त्याकडे तोंड वळवलं, कुणाला तरी हात केला, दात दाखवून हसला आणि परत वळला तेव्हा चेहरा होता तसाच लालबुंद.

"आता बघ," फ्रान्सी आत्या म्हणाली, "आत्ता जे केलंस ना, तेच लिहिलंय तिनं."

"आत्या, तू मधे पडू नकोस. तुझाही नंबर आहे."

"माझा? कुठे?"

"मुद्दा नऊ," जोलीननं पान उलटलं. "पान अठ्ठ्याहत्तर. सिनेटरच्या बहिणीनं केलेली अक्रोडाची पोटिका इतकी कोरडी असते की पाहुणे ती खिशात घालून नेतात."

फ्रान्सी आत्याचा हात छातीवर गेला. एकोणऐंशी वर्षांची बाई. कणीक टेबलभर कागदासारखी पातळ लाटून अक्रोडाची ती गुंडाळी करण्यात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "कोरडी?" ती म्हणाली. "तुझ्या लग्नात सोळा केल्या मी. सोळा! तेव्हा का नाही बोललीस?"

"आत्या, ती तू नाहीस. मला गोष्टीत एक वाईट पोटिका हवी होती, एवढंच."

"मग दुसऱ्या कुणाची घालायची! गावात काय वाईट पोटिका करणाऱ्या कमी आहेत?"

एरवी कोरीनला हसू आलं असतं. पण तिच्या तळपायाची आग केव्हाच मस्तकात गेली होती, आणि खांद्यावर पोर असल्यामुळे ती तिथेच कोंडून राहिली होती. वर्षभर तिचा नवरा डीन रुग्णालयात पाळीवर गेला आणि वेरा दुपारी झोपली की तेवढ्या तास-दीड तासात, कपडे वाळवायच्या यंत्रावर वही ठेवून, दारापाशी एक कान ठेवून तिनं हे लिहिलं होतं. चारशे पानं. आणि या चौघांना त्यात सापडलं काय, तर शेंगदाणे आणि पोटिका.

"तुला काय हवंय ते सरळ सांग, आई," ती म्हणाली.

"पुस्तक नोव्हेंबरच्या मतदानानंतर येऊ दे."

"ऑक्टोबरची तारीख ठरलीय. ती माझ्या हातात नाही."

"मग सातवं प्रकरण काढ. सोमवारपर्यंत तुला दुरुस्त्या पाठवायच्यात, हे मला ठाऊक आहे. वॉरनचं ते सगळं प्रकरण काढून टाक. सिनेटरच्या घरातली मुलगी पलीकडच्या माणसाबरोबर पेट्रोलपंपावर चाळे करतेय, हे वाचून आपली माणसं मतं देतील क्रेगला?"

"ते काढलं तर पुस्तकात काय राहतं?"

"ते मला कसं ठाऊक? मी काय लेखक आहे?" अर्लीनचा आवाज चढला. वेरा कुशीत हलली. कोरीननं तिची पाठ थोपटली आणि थोपटत थोपटतच, ओठ जेमतेम हलवत बोलली. "तू सव्वीस चिठ्ठ्या लावल्यास, आई. जे मी लिहिलं नाही त्याला लावलीस का एखादी? बाबांना शेवटची चार वर्षं समोरचा कागद वाचता येत नव्हता, ते आहे त्यात? भाषण मी गाडीत म्हणून दाखवायचे, ते माझ्यामागून म्हणायचे, बालवाडीतल्या पोरासारखे. दोनशे मैल, येताना-जाताना. विधेयकावर हो म्हणायचं की नाही, हे मी त्यांच्या तळहातावर पेनानं टिंब किंवा फुली काढून सांगायचे. लिहिलंय मी ते? एक ओळ? शोधून दाखव."

क्रेगनं पावाच्या ताटावरची माशी हाकलली.

"ते घरातलं आहे," शेवटी अर्लीन म्हणाली.

"म्हणूनच नाही लिहिलं. आणि तू मला शर्ट घाल म्हणतेस."

"पुढे वाच, जोलीन," क्रेग घाईघाईनं म्हणाला. "एकतिसावा नंबर आहे आपला. दहा वाजून चाळीसला रांगेत उभं राहायचंय."

जोलीननं मान हलवली. तिला हे सगळं लवकर संपवायचं होतं. तिच्या मानेवर घामाचे ओघळ आले होते. दहा ते बावीस तिनं भराभर वाचून टाकले. कुणी कुणाला गाडीतून उतरवलं, कुणाच्या चर्चमधल्या माशांच्या जेवणाला सिनेटर उशिरा पोचले. मग त्याच सुरात, "मुद्दा तेवीस. पान एकशे चौऱ्याण्णव. उत्तर: दिवंगत सिनेटर झुपान किंवा त्यांच्या कुटुंबातील कोणीही विरोधी कार्यालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याला वॉशिंग्टनमध्ये नोकरी मिळावी यासाठी कधीही, कोणाशीही संपर्क साधलेला नाही. मुद्दा चोवीस—"

"थांब," कोरीन म्हणाली.

जोलीन थांबली.

"परत वाच."

"जाऊ दे ते," अर्लीन म्हणाली. "चुकून आलंय."

"जोलीन. परत वाच."

जोलीननं परत वाचलं, पण या वेळी तिचा आवाज प्रत्येक शब्दागणिक खाली जात होता. 'कोणाशीही'पर्यंत येईतो ती जवळजवळ कुजबुजत होती.

"पान एकशे चौऱ्याण्णववर," कोरीन म्हणाली, "एवढंच आहे की वॉरन एका मंगळवारी न सांगता निघून जातो. काकाच्या शेतावर. भित्रा असतो म्हणून. वॉशिंग्टन हा शब्द माझ्या पुस्तकात नाही. मी चारशे पानं सहा वेळा वाचलीयत, आई. एकदाही नाही."

"मला वाटलं असेल कुठेतरी," जोलीन गोंधळून म्हणाली. "अर्लीन, तुम्हीच सांगितलंत ना? तुम्ही म्हणालात, या पानावर ती टोमणा मारतेय, तिला सगळं कळलंय, याला उत्तर हवंच. मी म्हटलं, मला तर काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात, तू लिही."

रस्त्यावर कुणाच्या तरी बँडनं ढोल तपासून बघितला. दोन ठोके, मग शांतता. अर्लीन आपल्या खुर्चीत ताठ बसली होती, ओठ मिटलेले, आणि त्या मिटलेल्या ओठांत आपण पन्नास वर्षांत पहिल्यांदाच चूक केली हे तिला कळल्याचं कोरीनला स्पष्ट दिसलं. तिनं प्रश्न विचारला जायच्या आधीच उत्तर दिलं होतं.

नील ब्राटन, ज्याच्यावरून वॉरन बेतला होता तो. त्याचं नाव बारा वर्षांत या घरात कुणी काढलं नव्हतं. कोरीननंही नाही. तो वॉशिंग्टनला मोठ्या नोकरीवर गेल्याचं तिला तीन महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं होतं, आणि तिनं स्वतःची समजूत घातली होती की असतात अशी माणसं, मोठं दिसलं की तिकडे वळतात. पुढे डीन भेटला, चांगला निघाला, ती सुखी झाली. पण तो राग तिनं वर्षानुवर्षं जपून ठेवला होता, आणि गेल्या हिवाळ्यात सातव्या प्रकरणात तो सगळाच्या सगळा ओतला होता. वॉरनला तिनं इतकं भित्रं केलं होतं की लिहिता लिहिता तिला बरं वाटलं होतं.

"तुला माहीत होतं?" तिनं क्रेगला विचारलं.

क्रेग बुटांकडे बघत राहिला.

"क्रेग."

"मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. मला कोण विचारत होतं?"

"मी तुला विचारतेय. माहीत होतं?"

"होतं."

"वा!" फ्रान्सी आत्या म्हणाली. तिनं आपली खुर्ची खरखरत उचलली आणि गोलाच्या या बाजूला, कोरीनच्या शेजारी आणून ठेवली. "वा रे घर. मला पोटिकेवरून बोल लावताय आणि इथे हे शिजवून ठेवलंय."

"फ्रान्सी, तुला काही ठाऊक नाही," अर्लीन म्हणाली.

"म्हणून तर या बाजूला बसले."

अर्लीन उभी राहिली. बाहेरून कुणीतरी "अर्लीन! जिंकणार ना?" म्हणून ओरडलं. तिनं हात वर केला, हसली, "तुमच्यावर आहे!" म्हणाली आणि ते हसू उतरायच्या आत लेकीकडे वळली.

"तो माझ्याकडे आला होता," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे गेले नव्हते. तुझ्या बाबांना वाचता येत नाही हे त्यानं ओळखलं होतं. समितीच्या बैठकीत समोर बसायचा तो. तू टेबलाखालून बाबांचा तळहात त्यांच्याकडे वळवतेस, ते त्यानं बघितलं. मला म्हणाला, मी कुणाला सांगणार नाही, पण कोरीनला यातून सोडवा, ती झिजतेय. माझ्याच घरात उभा राहून, मला! माझ्या मुलीचं काय करायचं ते पलीकडचं पोरगं मला सांगत होतं."

"मग?"

"मग काय? आज म्हणतोय सांगणार नाही. उद्या त्याच्या साहेबानं विचारलं तर? सत्र सुरू होतं, खाणीवरच्या लोकांच्या पेन्शनचं विधेयक एका मतावर अडकलं होतं. ते एक मत तुझ्या बापाचं होतं. मी फोन केला. वॉशिंग्टनमध्ये आमचा एक जुना माणूस होता. त्यानं त्या पोराला जागा दिली. अट एवढीच की तुला भेटायचं नाही."

"आणि त्यानं ऐकलं."

"पाव तासात."

ते कोरीनला सगळ्यात जास्त लागलं. तिला वाटलं होतं की आता नीलबद्दलचा राग तरी उतरेल. तो उतरला नाही, फक्त त्याला शेजार मिळाला. आई, भाऊ, तो. आणि कदाचित बाबाही, स्वयंपाकघरात बसून, समोर उलटा धरलेला पेपर. तिच्या आयुष्याचं चौघांनी मिळून ठरवलं होतं आणि ती तेव्हा बाहेर गाडीत बसून त्यांची वाट बघत होती, एसी चालू ठेवून, बाबांना उकडू नये म्हणून.

"मला एकदा विचारायचं होतंस," ती म्हणाली. वेराचा हात तिच्या गळ्याशी होता. "एकदा. मीच म्हटलं असतं, जाऊ दे त्याला. बाबांसाठी मी म्हटलं असतं. तेवढंही तू माझ्या हातात ठेवलं नाहीस."

"आणि 'नाही' म्हणाली असतीस तर?"

कोरीननं झोपलेल्या लेकीला उजव्या खांद्यावर घेतलं, मोकळ्या हातानं मग उचलून बाजूला केला आणि पुस्तक ओढून घेतलं.

"तुम्हाला सातवं प्रकरण बदलून हवं होतं," ती म्हणाली. "बदलते. सोमवारपर्यंत वेळ आहे."

क्रेगचा चेहरा उजळला. मग त्याला उमगलं आणि तो उतरला. "म्हणजे हे लिहिणार तू?"

"वॉरन भित्रा म्हणून गेला हे खोटं आहे. मला आता ते खोटं आहे हे माहीत आहे. तसं कसं छापू?"

"तो का गेला हे लिहायचं म्हणजे बाबांचं लिहावं लागेल!"

"हो."

"सिनेटरला चार वर्षं वाचता येत नव्हतं आणि घरच्यांनी ते झाकलं! ऑक्टोबरमध्ये! कोरीन, मी बुडालो. ऐकतेयस? शेंगदाणे राहू दे, आरसा राहू दे, हवं तर मला दारुडा कर, पण हे नको. बाबांचं नाव जाईल."

"बाबांचं नाव मी अकरा वर्षं माझ्या मांडीवर घेऊन फिरवलंय," कोरीन म्हणाली. "तू कुठे होतास?"

जोलीननं फाईल मिटली. "तसंही," ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "तेविसावं उत्तर मला काढावं लागेल. मी खोट्यावर सही करत नाही." आणि ती मिरवणुकीत पोरांकडे उधळायच्या गोळ्यांची बादली उचलून उन्हात निघून गेली.

कोपऱ्यावर मिरवणुकीवाल्यांचा कर्णा वाजला. एकोणतीस, तीस, एकतीस, रांगेत या. क्रेग उठला. दारापर्यंत जाऊन त्यानं मागे वळून बघितलं, तोंड उघडलं, आणि रस्त्यावरून कुणीतरी त्याचं नाव घेतल्यावर तेच तोंड हसण्यासाठी वापरून तो गेला. फ्रान्सी आत्यानं कोरीनच्या गालाला हात लावला. "पोटिका तेवढी ओली कर," म्हणाली आणि काठी टेकत त्याच्यामागे गेली. क्रेग तिच्या भावाचा मुलगा होता. पडला असता तरी ती त्याच्यामागे चालली असती.

अर्लीन राहिली. आधी तिनं शर्टाची कड खाली ओढली, मग केस नीट केले. चाळीस वर्षांत तिनं ही मिरवणूक एकदाही चुकवली नव्हती, आणि गाडीत बसून तर कधीच केली नव्हती; या गावात उमेदवाराच्या घरची माणसं चालतात. दारात तिची सावली टेबलापर्यंत येऊन थांबली.

"लिहिणारच आहेस?"

"हो."

"मी नको म्हटलं तरी?"

"हो, आई."

अर्लीन रस्त्याकडे बघत होती. ढोल आता सलग वाजायला लागले होते. वेरानं झोपेतच तोंड वेडंवाकडं केलं, आणि अर्लीनचा हात नकळत त्या छोट्या उघड्या पायाकडे गेला, पण मधेच थांबला.

"तर मग नीट लिही," ती म्हणाली. चिडूनच म्हणाली, प्रत्येक शब्द दातांखालून काढल्यासारखा. "तो सगळा वेळ उभा होता. मी त्याला बस म्हटलं नाही. कॉफीचं भांडं भरलेलं होतं, चुलीवर, त्याच्या डोळ्यांसमोर. मी त्याला कॉफी विचारली नाही. या घरात मी दाराशी आलेल्या मीटरवाल्यालाही विचारते." ती थांबली. "ते लिही."

आणि ती उन्हात उतरली, हात वर केला आणि गावाकडे बघून हसत चालू लागली.

कोरीननं पान एकशे चौऱ्याण्णव उघडलं. गुलाबी चिठ्ठी काढली. टेबलावर जोलीनचं पेन पडलं होतं. लेकीचं वजन एका हातावर तोलत, उभ्यानंच, तिनं समासात लिहिलं: त्याला बसायला कुणी सांगितलं नाही.